ताईंना विचारा: शास्त्र हातात घेऊन लोक अशा माणसाला मत काऊन देतात?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की अमेरिकेतले इव्हँजेलिकल ख्रिस्ती मतदार, म्हणजे नवा जन्म, पवित्र शास्त्र आणि सुवार्ता यावर सगळा भर देणारे लोक, ज्या उमेदवाराचं वागणं त्यांच्याच शिकवणीत बसत नाही त्याला भरभरून मत देतात. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअप मेसेज आले की या वेळचं पूर्ण पान त्यालाच देऊन टाकते. पीक विमा आणि बारावीनंतरचे कोर्स पुढच्या अंकात, राग मानू नका. नावं नेहमीसारखी छापत नाही.

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. आमची चर्चची मंडळी लहान आहे, पंधरा-वीस घरं. माझा मुलगा मोबाईलवर अमेरिकेतल्या पास्टर लोकायचे व्हिडिओ पाहत राहते अन मले सांगते का ट्रम्प साहेबाले देवानंच निवडलं. मी म्हटलं बाबू, त्या माणसाचे तीन लग्नं झाले, बायायबद्दल काय काय बोलला ते साऱ्या जगानं आयकलं, कोर्टानं दोषी धरलं. तर म्हणे आई, दावीद राजा बी तसाच होता. मी सातवी शिकलेली, मले उत्तरच नाई आलं. आमाले तर लहानपणापासून शिकवलं का खोटं बोलू नका, व्यभिचार करू नका, मंग तिकडचे विश्वासी लोक असं काऊन करून राहिले?

उत्तर: जय ख्रिस्त. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हाच प्रश्न मला २०१६ पासून छळतो आहे.

आधी मी कुठून बोलते ते सांगते. माझा जन्म मिशनच्या दवाखान्यातला, आई तिथंच आया होती, आणि तिला लिहायला-वाचायला शिकवणारी नर्सबाई अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याची मुलगी होती. आपल्या विदर्भात अशी घरं किती आहेत तुम्हाला माहीतच आहे. यवतमाळ-उमरीकडे फ्री मेथडिस्ट, वाशिम-बुलढाण्याकडे नाझरीन, अकोला-खामगावकडे अलायन्स, ही सगळी अमेरिकेतून आलेली इव्हँजेलिकल मिशनं, आणि आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत आपल्या यवतमाळातच होती. म्हणजे ज्या लोकांबद्दल आपण बोलतोय ते आपल्याला परके नाहीत, एका अर्थी आपलं आजोळच आहे ते, आणि म्हणूनच जास्त लागतं.

फ्री मेथडिस्ट हे नाव कसं पडलं माहीत आहे का? १८६० ची गोष्ट. तिकडच्या चर्चांमध्ये चांगले बाक पैसेवाले लोक भाड्यानं घेऊन ठेवायचे आणि गरीब मागं उभा, तर या लोकांनी सांगितलं की बाक सगळ्यांना फुकट, आणि वर हेही सांगितलं की माणसाला गुलाम करून ठेवणं पाप आहे. त्याच देशात त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८४५ मध्ये, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन वेगळं निघालं ते गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं का या भांडणातून, आणि ते पाठवा म्हणणाऱ्या बाजूचं होतं. त्याची जाहीर माफी त्यांनी मागितली १९९५ मध्ये, दीडशे वर्षांनी. दोघांच्या हातात शास्त्र तेच होतं. हे मी यासाठी सांगते की तुमच्या मुलाला असं वाटू नये की सगळे इव्हँजेलिकल कायम एकाच बाजूला होते.

आता राजकारणाचं. १९७६ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. जॉर्जिया राज्यातले भुईमुगाचे शेतकरी, बॅप्टिस्ट, संडे स्कूलमध्ये शिकवणारे, प्रचारात उघड सांगायचे की माझा नवा जन्म झालाय. त्या वर्षाला न्यूजवीकनं इव्हँजेलिकलांचं वर्ष म्हटलं, इतकं त्यांचं कौतुक झालं. आणि चारच वर्षांनी, १९८० मध्ये, कार्टरसमोर उभे राहिले रोनाल्ड रेगन, सिनेमातले नट, पहिल्या बायकोशी घटस्फोट झालेले, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या बिलावर सही करणारे, तरी गोऱ्या इव्हँजेलिकलांचा मोठा भाग आपल्या संडे स्कूलच्या मास्तरला सोडून रेगनकडे गेला. मधल्या काळात जेरी फॉलवेल नावाच्या पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही संघटना काढली होती, चर्चाचर्चातून मतदार नोंदणी सुरू झाली होती. गर्भपात, शाळेतली प्रार्थना, कुटुंब हे मुद्दे होतेच, पण आणखी एक मुद्दा होता जो व्हिडिओत सांगत नाहीत: काळ्या-गोऱ्या विद्यार्थ्यांमध्ये भेद करणाऱ्या ख्रिस्ती शाळा-कॉलेजांची टॅक्सची सवलत सरकार काढून घेत होतं, बॉब जोन्स युनिव्हर्सिटीची काढली पण, आणि ती लढाई सुप्रीम कोर्टात १९८३ पर्यंत चालून कॉलेज हरलं. इतिहासकार रँडल बामर, जे स्वतः इव्हँजेलिकल घरात वाढले, ते तर म्हणतात की सगळी सुरुवात तिथूनच झाली, गर्भपाताचा मुद्दा नंतर पुढं केला. सगळे इतिहासकार हे मानत नाहीत. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

म्हणजे नेक माणूस सोडून कामाचा माणूस धरायची सवय ट्रम्प यांच्यापासून लागलेली नाही. पण तेव्हा निदान बोलताना तरी माप एक होतं. बिल क्लिंटन यांचं व्हाइट हाउसमधल्या मुलीसोबतचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा, जून १९९८ मध्ये, सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव केला की पुढाऱ्याचं चारित्र्य महत्त्वाचं आहे आणि पुढाऱ्यांचे गंभीर अपराध खपवून घेतले तर समाजाचा विवेक मरतो. चांगला ठराव होता, मी आजही त्यावर सही करीन.

मग ७ ऑक्टोबर २०१६ ला ट्रम्प यांची २००५ ची टेप बाहेर आली, बायकांच्या अंगाला हात लावण्याबद्दल ते जे बोलले ते मी इथं लिहू शकत नाही. महिनाभरात मतदान झालं आणि एक्झिट पोलमध्ये, म्हणजे मत देऊन बाहेर आलेल्यांना विचारलं तेव्हा, दर दहा गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी आठ जणांनी त्यांनाच मत दिलं होतं. त्या ऑक्टोबरमध्येच पीआरआरआय या सर्व्हे करणाऱ्या संस्थेनं एक आकडा छापला तो मला पाठ आहे. प्रश्न असा होता की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला पुढारी सार्वजनिक कामात नीट वागू शकतो का? २०११ मध्ये हो म्हणणारे गोरे इव्हँजेलिकल होते ३० टक्के, देशातल्या सगळ्या गटांमध्ये सगळ्यात कमी. २०१६ मध्ये तेच लोक, तोच प्रश्न, ७२ टक्के हो, आणि सगळ्या गटांमध्ये सगळ्यात जास्त. पाच वर्षांत शास्त्रातली एक ओळ बदलली नव्हती. बदललं ते माप. आपण कापूस घेऊन जातो आणि व्यापारी गाडी पाहून काटा बदलतो तेव्हा आपल्याला किती राग येतो, तसंच आहे हे, आणि इथं काटा बदलणारे तर काट्याचे राखणदार होते.

आता तुमच्या मुलाचं दावीद राजाचं. त्याला म्हणावं बाबू, गोष्ट अर्धी सांगू नको. दावीदानं बथशेबेला नेलं, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढच्या फळीत ठेवून मरू दिलं, हे खरं. पण मग नाथान संदेष्टा दरबारात जातो, श्रीमंत माणसानं गरिबाची एकुलती एक मेंढरू कापल्याची गोष्ट सांगतो, राजा संतापतो, आणि नाथान तोंडावर सांगतो की तो माणूस तूच. आणि राजा काय करतो? खाली मान घालून कबूल होतो. दावीदाची गोष्ट आपण शिकवतो ती या कबुलीसाठी. ट्रम्प यांना जुलै २०१५ मध्ये आयोवा राज्यात ख्रिस्ती लोकांच्याच सभेत विचारलं होतं की तुम्ही कधी देवाजवळ क्षमा मागितली का, तर त्यांचं उत्तर साधारण असं होतं की तशी मागितल्याचं आठवत नाही, चूक झाली तर मी ती सुधारायचा प्रयत्न करतो, देवाला त्यात आणत नाही. तर दावीदाचं नाव घ्यायचं तर नाथानचं पण घ्यावं लागेल, आणि मला दुःख याचं आहे की जे पाळक नाथानच्या जागेवर उभे होते त्यातले कितीतरी राजाच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

तो कोरेश राजाचं पण काढेल, तयार राहा. शास्त्रातल्या यशया पुस्तकाच्या ४५ व्या अध्यायातला पारसाचा राजा कोरेश, देवाला न ओळखणारा, तरी देवानं त्याला वापरून यहुद्यांना बंदिवासातून घरी पाठवलं. तिकडचे लान्स वॉलनाव नावाचे प्रचारक २०१६ मध्ये म्हणाले की ट्रम्प ४५ वे राष्ट्राध्यक्ष होणार आणि अध्यायही ४५ वा, म्हणजे हेच ते. यावर मी एवढंच म्हणते की कोरेशाला यहुद्यांनी मत दिलं नव्हतं, त्याच्यासाठी प्रचार केला नव्हता, त्याच्या पापावर पांघरूण घालायची त्यांना गरज पडली नव्हती. देव कोणालाही वापरू शकतो हे खरं आहे, पण मत मी दिलं तर ते माझं काम झालं, त्याचा हिशोब माझ्याकडे.

सातवी शिकल्याचं पुन्हा लिहू नका. तुमचा प्रश्न बरोबर आहे.

प्रश्न: मॅडम, मी मेहकरला बीए करतो, राज्यशास्त्र. इतके शिकलेले लोक, इतका मोठा देश, तरी ८० टक्के लोक डोळे झाकून मत देतात म्हणजे अंधश्रद्धाच नाही का? आणि हा ८० टक्के आकडा नेमका कोणाचा?

उत्तर: डोळे झाकून नाही रे बाबा, बरेच जण डोळे उघडे ठेवूनच देतात, आणि हे समजून न घेता पेपर लिहिशील तर मार्क कापले जातील.

आकडा आधी. तो फक्त गोऱ्या लोकांचा आहे, जे सर्व्हेत स्वतःला इव्हँजेलिकल किंवा बॉर्न अगेन म्हणवतात. त्यात दर रविवारी जाणारे आहेत आणि नावापुरते पण आहेत. २०१६ च्या सुरुवातीला ट्रम्प यांच्या पक्षातला उमेदवार ठरत होता तेव्हा नेमानं चर्चला जाणाऱ्यांपैकी बरेच लोक पाळकाच्या मुलाकडे, टेड क्रूझकडे, होते, पण खरी निवडणूक आली तेव्हा नेमानं जाणारे आणि न जाणारे दोघं एकाच रांगेत. काळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या श्रद्धेनं पाहिलं तर कितीतरी गोष्टीत अगदी तशाच, तेच शास्त्र, तोच नवा जन्म, तीच गाणी, पण त्यांचं मत प्रचंड बहुमतानं दुसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅटिक, पक्षाला जातं. म्हणजे नुसत्या धर्मशिक्षणावरून मत सांगता येत नाही, रंग, गाव, शेजार, इतिहास हे सगळं त्यात येतं. हे एक वाक्य परीक्षेत लिहिलंस तरी पुष्कळ झालं.

आता त्यांच्या बाजूनं पाहा. २००६ मध्ये गोरे इव्हँजेलिकल देशाच्या साधारण २३ टक्के होते, २०२० मध्ये १४-१५ वर आले. मुलं चर्च सोडतायत. २०१५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्न देशभर मान्य केलं. ज्या गावात कालपर्यंत आपलं चालायचं तिथं आपण अल्पसंख्य होऊन राहिलो ही भीती त्यांच्या पोटात आहे, आणि भ्यालेला माणूस गुणी राखणदार शोधत नाही, दांडगा शोधतो. डॅलसचे पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी २०१६ मध्ये हे स्वच्छ सांगितलं, की मला सगळ्यात कडक आणि टणक माणूस हवा. दुसरं म्हणजे सौदा. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे एक न्यायाधीश, स्कॅलिया, वारले, जागा रिकामी. ट्रम्प यांनी नावांची यादीच छापली की मी यातलेच न्यायाधीश नेमीन. आणि नेमले, २०१७, २०१८, २०२० असे तीन, आणि २४ जून २०२२ ला त्याच कोर्टानं १९७३ चा गर्भपाताच्या हक्काचा रो निकाल उलटवला. इस्रायलमधली अमेरिकेची वकिलात जेरुसलेमला नेली मे २०१८ मध्ये. आता तू सांग, पन्नास वर्षं ज्यासाठी मोर्चे काढले ते मिळालं, तर तो मतदार स्वतःला फसलेला कशाला समजेल? त्याच्या हिशोबात सौदा पूर्ण झाला. मला तो सौदा महाग वाटतो, पण तो मूर्खपणा होता असं मी म्हणणार नाही.

फक्त एक जोडते. सौद्याचं कारण सगळीकडे लागू पडत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अलाबामा राज्यात रॉय मूर सिनेटला उभे होते, त्यांच्यावर बायांनी आरोप केले होते की ते तिशीत असताना किशोरवयीन मुलींच्या मागे लागत, एक तर चौदा वर्षांची होती म्हणे. मूर यांनी सगळं नाकारलं. ते थोडक्यात हरले, पण गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दहातले आठ त्यांच्याच मागे होते, आणि तिथल्या एका राज्य अधिकाऱ्यानं तर बचावासाठी येशूचे आईबाप मरीया आणि योसेफ यांच्या वयाचं उदाहरण दिलं. हे वाचलं तेव्हा मी पेपर मिटून ठेवला. माझ्या वर्गात चौदा वर्षांच्या मुली बसायच्या.

आणि हे अमेरिकेपुरतं पण नाही. ब्राझीलमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो स्वतः कॅथलिक, २०१६ मध्ये यार्देन नदीत इव्हँजेलिकल पाळकाकडून बाप्तिस्मा घेतला, २०१८ मध्ये तिथल्या इव्हँजेलिकलांनी मोठ्या संख्येनं त्यांना निवडून आणलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सत्ता उलथवायच्या कटात कोर्टानं त्यांना २७ वर्षांची शिक्षा दिली. त्यावर स्वतंत्र वाच, तुझ्या प्रोजेक्टला चांगला विषय आहे.

प्रश्न: ताई, मी कास्तकार माणूस, आर्णी साईडले वावर आहे. तिकडं कोण कोणाले मत देते त्याच्याशी आमाले काय घेणं? आमचे पुढारी पाहा आधी.

उत्तर: भाऊ, घेणं आहे, आणि तुमच्याच पऱ्हाटीशी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारताच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं, तिकडे जाणारे कपडे महाग झाले, कापडवाल्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत माफ केलं, आणि बाहेरचा स्वस्त कापूस येणार ही बातमी नेमकी आपल्या वेचणीच्या तोंडावर आली. टॅरिफसाठी कोणी चर्चमधून मत दिलं नव्हतं, पण एका मुद्द्यासाठी मत दिलं की बाकी सगळे मुद्दे त्याच पोत्यात येतात.

आणि आपले पुढारी पाहा म्हणता ते मला शंभर टक्के मान्य. २०२४ ला निवडून आलेल्या ५४३ खासदारांपैकी २५१ जणांनी स्वतःच्या शपथपत्रात आपल्यावर गुन्हेगारी केसेस असल्याचं लिहून दिलं आहे, निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या एडीआर संस्थेनं ते मोजलं. केस म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, आंदोलनाच्या पण केसेस असतात, पण खून, अपहरण, बायांवरचे गुन्हे अशा गंभीर पण आहेत. हे शपथपत्र २००२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे आपल्याला पाहायला मिळते. आपण ते वाचतो का? आपण म्हणतो आपल्या समाजाचा आहे, अडीअडचणीत फोन उचलतो, पोराचं काम केलं. अमेरिकेतला तो शेतकरी हेच बोलतो, फक्त इंग्रजीत बोलतो. मी स्वतः एका निवडणुकीत असं मत दिलं आहे, घरी सगळ्यांनी सांगितलं म्हणून, त्या माणसाबद्दल काय बोललं जातं ते पक्कं माहीत असून. त्याचं ओझं आहे मनावर.

प्रश्न: मंडळीच्या कमिटीत आहे. पाळकांनी उपासनेत कोणाला मत द्या ते सांगावं का? काही जण म्हणतात अमेरिकेत सांगतात.

उत्तर: अमेरिकेत १९५४ पासून जॉन्सन अमेंडमेंट आहे, टॅक्स सवलत घेणाऱ्या चर्चनं उमेदवाराचा प्रचार करायचा नाही. कारवाई फार क्वचित झाली, आणि जुलै २०२५ मध्ये तिकडच्या टॅक्स खात्यानं कोर्टात लिहून दिलं की पाळक आपल्याच मंडळीला उपासनेत बोलला तर तो प्रचार धरू नये. म्हणजे दार किलकिलं झालंय. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३, उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी ४ विरुद्ध ३ असा निकाल देऊन हे आणखी कडक केलं. माझं मत विचाराल तर कायदा नसता तरी सांगू नये. पंधरा घरांच्या मंडळीत पाळकानं एकाचं नाव घेतलं की सात घरं पुढच्या रविवारी कशी बसतील? मतदानाला जा, पैसे घेऊ नका, दारू घेऊ नका, शपथपत्र वाचा, एवढं सांगावं आणि प्रार्थना करावी.

प्रश्न: ताई, तुमचा मागचा अंक वाचून वाईट वाटलं. तुम्ही विश्वासी लोकांवरच टीका करता. गर्भातल्या लेकरांसाठी बोलणारा एकच उमेदवार असेल तर त्याला मत देणं चूक कसं? आणि कित्येक भविष्यवक्त्यांनी आधीच सांगितलं होतं. – एक तरुण, उमरखेड तालुका

उत्तर: बाळा, तू रागावून लिहिलंस पण लिहिलंस, मला बरं वाटलं.

गर्भातल्या लेकराची काळजी खरी आहे, ती मी हलकी करणार नाही. फक्त तिचा इतिहास माहीत असू दे. १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनीच ठराव केला होता की बलात्कार, गर्भात मोठा दोष, आईच्या शरीराला किंवा मनाला धोका अशा वेळी कायद्यानं गर्भपाताला परवानगी असावी. कडक भूमिका नंतर आली. आपल्या देशातही त्याच १९७१ मध्ये कायदा झाला, त्यावर आपल्याकडे निवडणूक लढली गेली नाही. आपल्याकडे गर्भातल्या लेकराचा प्रश्न वेगळ्या तोंडानं येतो, मुलगी आहे म्हणून नको. १९९४ मध्ये लिंगनिदान बंदीचा कायदा झाला तरी मशीन लपवून चालायची, आणि माझ्या ओळखीच्या दोन घरांत हे झालं, एक घर रोज प्रार्थना करणारं होतं. त्यासाठी आपल्या किती पाळकांनी व्यासपीठावरून आवाज उठवला ते तुझ्या मंडळीत विचारून पाहा.

एकच मुद्दा पाहून मत देणं चूक आहे असं मी म्हटलं नाही. तू नाक दाबून मत दे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला चुकीबद्दल बोल, तर माझं काही म्हणणं नाही. चुकीबद्दल बोलणारे तिकडे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये ख्रिश्चॅनिटी टुडे या मासिकाचे संपादक मार्क गॅली यांनी लिहिलं की ट्रम्प यांना पदावरून दूर करावं. हे मासिक प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहम यांनी १९५६ मध्ये सुरू केलेलं. त्यांच्याच मुलानं, फ्रँकलिन ग्रॅहम यांनी, त्या लेखाला जाहीर विरोध केला. बेथ मूर, शास्त्र शिकवणारी बाई, लाखो बायका तिचं ऐकायच्या, ती त्या टेपबद्दल बोलली आणि शेवटी २०२१ मध्ये तिला आपली सदर्न बॅप्टिस्ट मंडळी सोडावी लागली. विश्वासी लोकांवर टीका म्हणतोस ना, ही सगळी विश्वासी माणसंच आहेत.

आणि भविष्यवाण्यांचं. २०२० मध्ये ट्रम्पच जिंकणार असं सांगणारे तिकडे बरेच होते, व्हिडिओ तू पाहिले असशील. ते हरले. त्यातला एक तरुण प्रचारक, जेरेमाया जॉन्सन, जानेवारी २०२१ मध्ये पुढं आला आणि म्हणाला की मी चुकलो, मला क्षमा करा. त्याला शिव्या आल्या, मारून टाकू असे निरोप आले, आणि ते पाठवणारे स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. त्याची शिकवण मला पटत नाही. पण शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाचा १८ वा अध्याय काढ, शेवटच्या ओळी वाच, बोललेलं घडलं नाही तर काय समजायचं ते तिथं लिहिलं आहे. मग मला परत पत्र लिही, आणि या वेळी पूर्ण पत्ता घाल, मी पोस्टानं उत्तर पाठवते, इथं जागा संपली.